बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली, आता पीसी सुरूच होईना (सांगली)

हळदपेठ_सांगली:
नमस्कार मंडळी. आमच्या हळदीच्या पेढीवरचा डेस्कटॉप बंद पडलाय. एच३१० चिपसेटचा बोर्ड, त्यावर पेंटियम गोल्ड जी५४०० प्रोसेसर. सेकंडहँड आय५ ९४०० मिळाला, पण तो बसवायचा तर आधी बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) नवा पाहिजे, म्हणून पेनड्राईव्हवरून अपडेट लावलं. पट्टी अर्ध्यावर आली, वळवाचा पाऊस सुटला आणि लाईट गेली. यूपीएसनंही दम धरला नाही.

आता बटण दाबलं की पंखा फिरतो, थांबतो, परत फिरतो. स्क्रीन काळीच, कीबोर्डचा दिवाही लागत नाही. बोर्डावरचा सेल काढून बघितला, रॅम पुसून बसवली, उपयोग शून्य. एका दुकानात म्हणाले बोर्ड गेला, नवा घ्या. टॅलीत यंदाच्या सगळ्या सौद्यांचा हिशेब आहे, तो जाईल का?

मिरजकर:
हिशेबाची काळजी सोडा. बायोस वेगळ्या चिपमध्ये असतो, डिस्कला हातही लागलेला नाही. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडा आणि टॅलीचा डेटा फोल्डर आजच कॉपी करून ठेवा. मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण (पीसी सुरू होत नसला तरी पेनड्राईव्हवरून बायोस भरणारं) आहे का बघा. एच३१० वर बहुतेक नसतंच म्हणा.

विश्रामबाग_रिपेअर:
दादा, बोर्ड टाकू नका आणि भंगारात तर मुळीच देऊ नका. ही लक्षणं चिप अर्धवट लिहिली गेल्याची आहेत. प्रोसेसर पहिली आज्ञा त्याच चिपमधून उचलतो, तिथं अर्धा भाग पुसलेला असेल तर तो पुढं जाणार कसा? सेल काढला की तारीख आणि सेटिंग जातात, चिपमधला बिघडलेला प्रोग्रॅम तसाच राहतो. म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही.

पेंटियमच राहू द्या, आय५ आत्ता बसवू नका. आधी सोपा उपाय करून बघा. पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच नावानं बायोसची फाईल टाका, लावून पीसी चालू करा आणि थांबा. चिपमधला बूटब्लॉक, म्हणजे सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम, शाबूत असेल तर काही बोर्ड स्वतःच फाईल उचलतात.

नाही उचलली तर प्रोग्रॅमर, म्हणजे चिप थेट वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र. भिंतीतली वायर काढा, सेल काढा. बोर्डावर आठ पायांची चिप असते, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की अक्षरं वाचता येतात. २५क्यू१२८ म्हणजे १२८ मेगाबिट, म्हणजे १६ एमबी. विनबाँड कंपनीची असेल तर शेवटची अक्षरं बघा. एफव्ही, जेव्ही ही ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू, जेडब्ल्यू ही १.८ ची. १.८ च्या चिपला अडॅप्टरशिवाय जोडू नका. काळ्या रंगाच्या सीएच३४१ए प्रोग्रॅमरमध्ये डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात, म्हणून मी मीटर लावून बघितल्याशिवाय त्याची क्लिप (चिपचे पाय पकडणारा चिमटा) चिपवर ठेवतच नाही. क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याकडं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकी इथंच लोक घाई करतात. पुसायच्या आधी चिप वाचून फाईल जपून ठेवा. परत वाचा, दोन्ही फाईली जुळवा. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही, तेव्हा पुसायचं नाव काढू नका. बोर्डाचा सिरियल नंबर, इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधल्या छोट्या नियंत्रकाचा) भाग, आणि लॅन इंटेलचं असेल तर मॅक पत्तासुद्धा (लॅनचा ओळख क्रमांक) त्याच चिपमध्ये असतो. अर्धवट चिपमध्येही हे तुकडे बऱ्याचदा धड असतात. नेटवरून दुसऱ्या कुणाच्या बोर्डाची फाईल भरली की पीसी चालू होतो खरा, पण नंबर त्याचा येतो. मग विंडोजचं आणि टॅलीचं लायसन्स अडू शकतं. लोकांचे चांगले बोर्ड असे बेवारशी झालेले बघून मला खरंच वाईट वाटतं.

बोर्डाच्या कंपनीच्या बायोस फाईलचा आकार चिपइतकाच पाहिजे, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. थोडी मोठी असेल तर सुरुवातीला कॅप्सूल हेडर (फाईलचं वरचं वेष्टन) असतं, ते काढून टाका. तुमच्या फाईलमधले स्वतःचे तुकडे नव्या फाईलमध्ये बसवा, यूईएफआयटूल या बायोस फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भाग वेगवेगळे दिसतात. मग इरेज (पुसणं), ब्लँक चेक (कोरी झाली का बघणं), राईट (लिहिणं), व्हेरिफाय (पडताळणं).

सातारा_पोवईनाका:
सहमत. हेक्स एडिटरची (फाईलमधले बाइट थेट बदलायच्या प्रोग्रॅमची) सवय नसेल तर शेवटचं काम जाणकाराकडून करून घ्या, पण वाचलेली फाईल मागून घ्या आणि ईमेलवर टाकून ठेवा.

हळदपेठ_सांगली:
पेनड्राईव्हनं काही हललं नाही. मावसभावाकडं प्रोग्रॅमर होता. पहिल्यांदा वाचलेल्या फाईली जुळेनात. चिपच्या पायांवर हळदीची पिवळी धूळ बसलेली, ती स्पिरिटनं पुसली, मग जुळल्या. जुना सिरियल सापडला, नव्या फाईलमध्ये बसवला. लिहून झाल्यावर पहिल्यांदा पीसी थोडा वेळ आपोआप बंद-चालू झाला आणि मग लोगो आला! टॅली उघडली, लायसन्सनं काही विचारलं नाही. फार आभार. आता आय५ साठी परत अपडेट करावं लागेल का?

विश्रामबाग_रिपेअर:
फार बरं वाटलं वाचून. बायोसमध्ये जाऊन आवृत्ती बघा. भरलेली फाईलच नवी असेल तर परत अपडेटची गरज नाही, सरळ आय५ बसवा. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर पेंटियम काढायच्या आधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागू शकतं.