मदत हवी आहे: शेल स्क्रिप्टमधली पाइपांची माळ फारच रेंगाळतेय

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ पिंपळगाव बसवंतला एका कांदा व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटरचं काम बघतो. वजनकाट्याच्या पावत्यांची फाइल रोज रात्री बॅश स्क्रिप्टमधून (ओळीने चालणाऱ्या कमांडच्या यादीतून) जाते. पूर्वी चहा पिऊन येईपर्यंत व्हायचं. आता फाइल लाखभर ओळींची झालीय आणि पाऊण तासानेही पंखा घरघरतोच आहे.

गोम थोडीफार कळलीय. फाइल ओळ-ओळ वाचणाऱ्या व्हाइल रीडच्या लूपमध्ये दर ओळीला एको, पाइप, कट, पाइप, सेड अशी माळ आहे (एको ओळ छापतो, कट तिचा तुकडा काढतो, सेड तो साफ करतो, आणि पाइप एकाचं आउटपुट पुढच्याला देतो), तीही तीनदा: गाडी नंबर, वजन, भाव. म्हणजे एका पावतीमागे नऊ-दहा नव्या प्रोसेस (वेगळे चालू होणारे प्रोग्राम)! एकेक कांदा उचलायला वेगळा हमाल बोलवावा, तसं. (स्क्रिप्ट माझीच आहे, हसू नका.)

मित्राच्या सांगण्यावरून सुरुवातीचं कॅट (फाइल वाचून पुढे देणारी कमांड) काढलं. ते मुळात एकदाच चालतं, त्यामुळे फरक शून्य.

आता सगळं एकाच ऑकमध्ये (रकाने असलेली फाइल एका दमात वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये) न्यावं, की रीडलाच आयएफएस (ओळ कुठे तोडायची ते चिन्ह) देऊन बॅशमध्येच तुकडे पाडावेत? शिवाय लूप अजूनही एका पाइपनंतर असल्याने सबशेलमध्ये (बॅशच्या वेगळ्या प्रतीत, जिथले आकडे बाहेर येत नाहीत) चालतो आणि एकूण वजन शेवटी ० दिसतं, म्हणून दर ओळीला टेम्प फाइलमध्ये लिहितोय. ऑकच्या एंड ब्लॉकने (सगळ्या ओळी संपल्यावर एकदाच चालणाऱ्या भागाने) ही कटकट जाईल ना?

आणखी एक. एलसी_ऑल=सी (भाषेचे नियम सोडून नुसत्या बाइटनुसार क्रम लावायची सेटिंग) लावल्यावर सॉर्ट चांगलाच पळतो, पण शेतकऱ्यांची नावं देवनागरीत आहेत. क्रम कुठे बिघडेल का? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.