अ‍ॅराक्वॅनिड घेऊन डबल्सची टीम बांधतोय, कोणी बघून सांगा कुठे चुकतंय

डिचोलीचा_कोळी

नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी फोंड्याला आमची दहाबारा जणांची पोकेमॉनची बैठक आहे, स्कार्लेट व्हायोलेट, डबल्स म्हणजे एका वेळी दोन विरुद्ध दोन, सहा न्यायचे चार उतरवायचे, लेव्हल ५०, रिस्ट्रिक्टेड म्हणजे सगळ्यात ताकदवान लेजंडरी बंद आणि टीमशीट (कोणाकडे काय आहे त्याची यादी) दोघांनाही उघडी. गेल्या वेळी अर्ध्या लोकांकडे तेच इन्सिनेरोर तेच रिलाबूम, मी पण तेच घेऊन गेलो आणि तेच घेऊन हरलो, म्हणून या वेळी ठरवलंय की डोक्यावर पाण्याचा बुडबुडा घेऊन फिरणारा आपला कोळी, म्हणजे अ‍ॅराक्वॅनिड, न्यायचा. अल्ट्रा सन हा जुना गेम खेळताना टोटेम म्हणजे बॉस असलेल्या अ‍ॅराक्वॅनिडने मला इतका झोडपला होता की तेव्हापासून त्याच्यावर जीव आहे.

लोक त्याचा ७० अटॅक बघतात आणि पुढे जातात. पण वॉटर बबल अ‍ॅबिलिटीने पाण्याच्या मूव्हची ताकद डबल होते, म्हणजे लिक्विडेशन या पाण्याच्या मूव्हचं ८५ चं १७०, त्यावर स्वतःच्या टाइपचा दीडपट म्हणजे २५५. आता त्यात पाऊस घाला. टेरा वॉटर करून (टेरा म्हणजे मॅचमध्ये एकदाच टाइप बदलायची सोय, पाण्यावर पाणीच केलं की दीडपटीचं दुप्पट होतं) पावसात मारलं तर माझ्या हिशोबाने ५१० होतात!! बाहेर पण धो धो चालू आहे, म्हटलं टीम पण पावसाचीच करू.

टीम अशी: अ‍ॅराक्वॅनिड (अंगावर असॉल्ट व्हेस्ट, मूव्ह लिक्विडेशन, लीच लाइफ, वाइड गार्ड, प्रोटेक्ट), पेलिपर पाऊस पाडायला, बास्क्युलीजन स्विफ्ट स्विमवाला, हॅटरीन ट्रिक रूम (हळू असेल तो आधी) लावायला कारण कोळ्याचा बेस स्पीड ४२ आहे, मग इन्सिनेरोर आणि अमूंगस.

शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर दहा मॅच खेळलो, सात हरलो. त्यातल्या एका मॅचला लाइट गेली होती ती धरू नका. कोळी मैदानात येतो, एक फटका जबरदस्त मारतो आणि मरतो, नाहीतर मारायच्या आधीच मरतो. त्याला वाचवायला अजून काय घालू?

म्हापसेकर_भाऊ

अरे बाबा आधी एक सांग, तुझी टीम सेव्ह तरी कशी झाली? असॉल्ट व्हेस्ट घातल्यावर अटॅक सोडून दुसरी मूव्ह दाबताच येत नाही, तू वर वाइड गार्ड आणि प्रोटेक्ट दोन्ही लिहिलंयस. म्हणजे चारातल्या दोन मूव्ह शोभेच्या, चवथीला गणपतीवर माटोळीला फळंबिळं बांधतात तशा.

आणि हॅटरीन ट्रिक रूम लावणार म्हणजे हळू असेल तो आधी, बास्क्युलीजन पावसात स्पीड डबल करून घेणार म्हणजे त्याच ट्रिक रूममध्ये तो सगळ्यात शेवटी. एकच बस पणजीला आणि साखळीला एकदम कशी जाईल रे. पाऊस पाच टर्न, ट्रिक रूम पण पाच टर्न आणि त्यातली एक तर लावण्यातच जाते, खरे चारच मिळतात. त्या चार टर्नात तू पेलिपर उतरव, हॅटरीन काढ, कोळी घाल असं करत बसलास तर मारणार कधी?

५१० चा हिशोब बरोबर आहे, पण लॉटरीचं तिकीट पण हिशोबाने बरोबरच असतं.

डिचोलीचा_कोळी

व्हेस्टचं खरंच लक्षात नाही आलं 😅 प्रोटेक्ट दाबायला गेलो की बटण राखाडी दिसायचं, मला वाटलं समोरच्याने टाँट (फक्त अटॅकच करायला लावणारी मूव्ह) मारलाय.

फोंड्याची_वाघीण

मी पण येणार आहे रविवारी त्यामुळे सगळं सांगायला नको खरं तर, पण कोळी बघून राहवलं नाही.

तुझा प्रश्नच उलटा आहे. तू विचारतोयस कोळ्याला वाचवायला काय घालू. पाच जण मिळून एकाला सांभाळतायत अशी टीम कधीच चालत नाही, मग तो एक कितीही आवडता असो. कोळी बाकीच्यांसाठी काय करतो ते आधी बघ. २०१४ च्या वर्ल्ड्समध्ये सेजुन पार्क पाचिरिसू घेऊन जिंकला त्याचं सगळे उदाहरण देतात की बघा आवडीचा पोकेमॉन घेऊन जिंकता येतं. पण त्या खारीचं काम बघ ना. त्याच्याकडे गायराडोस होता ज्याला विजेची भीती, आणि पाचिरिसू फॉलो मी करून फटके स्वतःवर ओढून घेणार, वीज आली तर व्होल्ट अ‍ॅब्झॉर्बने ती पिऊन टाकणार, वर नझलने समोरच्याला पॅरालाइझ आणि सुपर फँगने अर्धं रक्त खाली. ती जागा दुसऱ्या कोणाला तशी भरताच आली नसती.

आता कोळ्याचं बघ. वाइड गार्ड. दोघांनाही लागणाऱ्या मूव्ह, म्हणजे रॉक स्लाइड, हीट वेव्ह, ब्लीकविंड स्टॉर्म, मेक इट रेन, सगळ्या बंद, तुझ्या दोन्ही पोकेमॉनसाठी. आणि प्रोटेक्टसारखं लागोपाठ वापरलं की फसतं असं पण नाही, हवं तर रोज सकाळ संध्याकाळ लाव. कोळ्याला उडणारे, दगडवाले आणि वीजवाले जड जातात, त्यातले दगड आणि वारा बऱ्याचदा दोघांवर एकदम येतात, ते तो स्वतःच अडवतो. आगीचं नुकसान वॉटर बबलने अर्धं, आणि त्याला बर्न होतच नाही म्हणजे विल ओ विस्प मारून त्याचा अटॅक पाडायची सोय नाही. स्पेशल डिफेन्स बेस १३२ आहे, हा काय नाजूक प्राणी नाही. तू त्याला तोफ समजलास. तो दरवाजा आहे, आणि कोणी दरवाजा उघडा टाकून गेला तर लाथ पण मारतो.

मी असते तर पेलिपर आणि बास्क्युलीजन दोन्ही काढले असते. हॅटरीनच्या जागी फॅरिगिराफ. हॅटरीन वाईट नाही, टाँट उलटा परतवते, पण फेक आउट (सगळ्यांआधी बसणारा, दचकवून टर्न खाणारा फटका) खाल्ला की पहिली टर्न गेली. फॅरिगिराफच्या आर्मर टेलमुळे समोरच्याच्या प्रायॉरिटी मूव्ह (वेग न बघता आधी लागणाऱ्या) आपल्या दोघांवर चालतच नाहीत, फेक आउट नाही, रिलाबूमचा ग्रासी ग्लाइड नाही, प्रँकस्टरवाल्याचा टाँट नाही, आणि मुख्य म्हणजे रेजिंग बोल्टचा थंडरक्लॅप नाही जो तुझ्या कोळ्याला ट्रिक रूममध्ये पण आधी मारतो. म्हणजे बघ, फॅरिगिराफ प्रायॉरिटी अडवणार, कोळी पसरट मूव्ह अडवणार, दोघे मिळून लीड म्हणजे सुरुवातीला उतरणारे. पहिल्या टर्नला एकजण ट्रिक रूम, दुसरा वाइड गार्ड. समोरच्याला उरतं काय, तर साधा एकाला मारायचा फटका, आणि तो पण दोनपैकी कोणाला मारायचा ते ठरवायला लागतं.

बाहेर मारायला अर्सालुना हे अस्वल, फ्लेम ऑर्बने स्वतःला बर्न करून घेणारं आणि गट्सने अटॅक वाढवणारं. आता गंमत, वाइड गार्ड शेजाऱ्याचा अर्थक्वेक पण अडवतो. अर्सालुनाने बिनधास्त अर्थक्वेक करायचा, कोळ्याला काही होत नाही, समोरचे दोघे खातात. हे लिहायला नको होतं मी 🙈

जुना_गेमर_काणकोण

सगळं ठीक आहे पण उगाच वेगळेपणा कशाला हा माझा प्रश्न. इन्सिनेरोर सगळीकडे दिसतो तो सुंदर आहे म्हणून नव्हे, इंटिमिडेट आहे (मैदानात आला की समोरच्यांचा अटॅक पडतो), फेक आउट आहे, पार्टिंग शॉट (समोरच्याला कमजोर करून स्वतः बाहेर) आहे म्हणून. आणि तोच इंटिमिडेट तुमच्या कोळ्याचं वाटोळं करतो, लिक्विडेशन फिजिकल आहे, समोर इन्सिनेरोर दोनदा आत बाहेर झाला की २५५ चे झाले एकशे साडेसत्तावीस, अर्धेच. शिवाय शीट उघडी असते, वाइड गार्ड सगळ्यांना दिसणार, कोण वेडा रॉक स्लाइड मारेल?

दुसरं, ओगरपॉनचा पाण्याचा मुखवटा असेल तर? वॉटर अ‍ॅब्झॉर्ब, वर फॉलो मी. तुमचं लिक्विडेशन तिला सरबत.

फोंड्याची_वाघीण

काका, रॉक स्लाइड कोणी मारला नाही तर वाइड गार्डचं काम न दाबताच झालं की. त्याने ती मूव्ह आणलीय आणि वापरू शकत नाही, म्हणजे तो चारऐवजी तीन मूव्हवर खेळतोय.

इंटिमिडेटचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. त्याला क्लिअर अ‍ॅम्युलेट हा सरळ उपाय, अटॅक पडतच नाही. मिस्टिक वॉटर दिलं तर पाणी २० टक्के जास्त लागतं पण आमच्या बैठकीत इन्सिनेरोर किती असतात ते तुम्ही पाहिलेलं नाही.

आणि ओगरपॉनला पाण्याने मारायचंच कशाला. ती पाणी आणि गवत आहे, लीच लाइफ तिला डबल लागतं आणि कोळ्याला रक्त पण मिळतं. टेरा केलं की ती नुसती पाणी होते, मग साधं लागतं, तरी तिची टेरा आपण खर्च करून घेतली ना. खरा त्रास गॅस्ट्रोडॉनचा आहे. स्टॉर्म ड्रेन, पाणी मारलं कोणालाही तरी तोच ओढून घेणार आणि स्पेशल अटॅक वाढवणार. त्याच्यासाठी अमूंगस ठेव आणि त्याला एखादी गवताची मूव्ह दे, चारपट लागते.

म्हापसेकर_भाऊ

टेराबद्दल कोणी बोललंच नाही. टेरा वॉटर करून आकडे वाढवायचा मोह सोड. टेरा ग्राउंड बघ. वीज शून्य, दगड अर्धा, वारा साधा, त्याच्या तिन्ही दुखण्यांवर एकच गोळी. पाण्याचा दीडपट तसाच राहतो, वॉटर बबल कुठे जात नाही. बदल्यात गवत, बर्फ आणि पाणी जड जातं, म्हणून रिलाबूम समोर असताना करू नकोस एवढंच.

स्प्रेड म्हणजे पॉइंटची वाटणी साधी ठेव. ब्रेव्ह नेचर (अटॅक जास्त, स्पीड कमी), एचपी २५२, अटॅक २५२, उरलेले ४ स्पेशल डिफेन्सला, स्पीडचा आयव्ही (जन्मजात आकडा) ०. लेव्हल ५० ला एचपी १७५, अटॅक १३४, स्पीड ४२ येतो. अर्सालुना असाच कमीत कमी केला तर ४९, म्हणजे ट्रिक रूममध्ये कोळी आधी मग अस्वल, जे आपल्याला हवंच आहे. समोरचा अमूंगस ३१ वर असू शकतो, तो तुझ्याआधी स्पोअर मारून झोपवेल, त्याच्यावर लक्ष ठेव.

सहावा म्हणून रिलाबूम घ्यावासा वाटेल तर घेऊ नकोस, ग्रासी टेरेनमध्ये तुझ्याच अर्सालुनाचा अर्थक्वेक अर्धा होतो. तिथे कोणीतरी वेगवान घे, ट्रिक रूम लागली नाही तर सगळी टीम सुशेगाद बसून मार खाईल.

डिचोलीचा_कोळी

सगळ्यांना थँक्यू. दोन दिवस शोडाउनवर खेळलो, बारातल्या आठ जिंकलो. वाघीण ताई, तुमचा अर्थक्वेकवाला डाव पहिल्यांदा लागला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की आई पोळ्या टाकून बाहेर आली, तिला वाटलं शॉक बसला.

एक गोष्ट मात्र कळली जी इथे कोणी लिहिली नव्हती. मी पहिल्या टर्नला नेहमी ट्रिक रूम आणि वाइड गार्डच दाबत होतो, तिसऱ्या मॅचपासून लोकांना कळलं आणि दोघांनी मिळून फॅरिगिराफलाच झोडपायला सुरुवात केली, एकदा तर ट्रिक रूम लागायच्या आधीच गेला. मग एका मॅचला मी फॅरिगिराफला प्रोटेक्ट केलं आणि कोळ्याने सरळ लिक्विडेशन मारलं, समोरच्याच्या दोन्ही मूव्ह वाया आणि वर एक अर्धमेला. त्यानंतर तो प्रत्येक टर्नला विचार करत बसला, टायमर संपत आला त्याचा.

हरलो त्या चारातल्या दोन गॅस्ट्रोडॉनमुळे. अमूंगसला गवताची मूव्ह द्यायला पॉलन पफ काढू की प्रोटेक्ट काढू, तेवढं सांगा.

जुना_गेमर_काणकोण

पॉलन पफ काढ. प्रोटेक्ट काढलास तर पहिल्याच फटक्याला रडशील. आणि रविवारी किती वाजता आहे रे ते? इकडून फोंड्याला सकाळची कुठली कदंब बस धरावी लागेल ते बघतो, माझा पण एक टॉर्कोल धूळ खात पडलाय.

फोंड्याची_वाघीण

दहाला काका, पण लोक अकराशिवाय जमत नाहीत. टॉर्कोल आणा की. त्याच्या उन्हात कोळ्याचं पाणी अर्धं होतं, डिचोलीकराशी पहिली मॅच तुमचीच लावते.

डिचोलीचा_कोळी

ताई!!