परग्रही लागणीचा मेकअप: जिलेटिन सुटतंय, स्राव खिरीसारखा दिसतोय

घुबड_०७: शॉर्टफिल्म २० मिनिटांची, शूटिंग मे महिन्यात दापोलीला. परग्रहावरची बुरशी हाताला लागते, कातडीखाली काहीतरी वळवळतं, मग फोड फुटून चिकट स्राव येतो. जिलेटिनचा पॅच (नकली कातडीचा तुकडा) लाइटखाली अर्ध्या तासात कडांना सुटतो. स्राव कॉर्नफ्लोअरचा केलाय, पण तो खिरीसारखा दिसतो. व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरचे इफेक्ट्स) परवडणार नाही.

रंगपेटी: पाणी जास्त झालं असणार. ते उडालं की पॅच आक्रसतो आणि कडा उचलतात. ३० ग्रॅम जिलेटिनला ६० मिली ग्लिसरीन, ६० मिली सॉर्बिटॉल (पाकासारखं दाट द्रावण) आणि पाणी दोनच चमचे. मायक्रोवेव्हमध्ये १५-१५ सेकंद तापवा. उकळलं की बुडबुडे आलेच. तरीही कोकणातला मे आणि जिलेटिन हे जमणारं लग्न नाही; एखाद्या क्लोजअपपुरतं ठीक. दिवसभर टिकवायचं तर त्वचेवर चालणारं प्लॅटिनम सिलिकॉन (दोन भाग मिसळले की रबरासारखं सेट होणारं) घ्या. मिसळताना लेटेक्सचे हातमोजे नकोत. त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉन सेटच होत नाही, चिकट राहतं. विनाइलचे वापरा. आणि स्वस्त पडतं म्हणून बाथरूमच्या फटी बुजवायचा सिलिकॉन सीलंट कुणाच्या हाताला फासू नका, कातडी भाजते.

तिसरी_घंटा: स्रावासाठी फूड ग्रेड मिथाइलसेल्युलोज (पाणी दाट करणारी पावडर), लिटरला १५ ते २० ग्रॅम. एक तृतीयांश पाणी कडकडीत गरम करून त्यात पावडर घोटायची, मग उरलेलं बर्फगार पाणी ओतायचं. थेट गार पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात. हे गरमात पातळ, गार झालं की दाट, त्यामुळे घाबरून आणखी पावडर घालू नका. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की बुडबुडे जातात. फार तापलेल्या लाइटजवळ ते पांढरट होतं. रंग पिवळा, हिरव्याचा एखादा थेंब. लाल घातला की लोकांना नुसतं रक्त वाटतं. लाइट मागून द्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

रंगपेटी: वळवळीसाठी पॅचखाली दोन लांबट फुगे, प्रत्येकाला फिशटँकची नळी आणि ५० मिलीची सिरिंज. नळ्या बाहीतून काढा. सिरिंजा आळीपाळीने दाबा. दोन्ही एकदम दाबल्या तर नुसती सूज दिसते. फुग्यावरचा भाग पातळ ठेवा, गोंद फक्त कडांना.

घुबड_०७: फुगाही लेटेक्सचाच ना? आणि सिलिकॉनवर पोस्टर कलर चालेल?

रंगपेटी: पूर्ण सेट झालेल्या सिलिकॉनला फुगा लागला तर बिघडत नाही. पोस्टर कलर मात्र पापुद्र्यासारखा निघतो. रंग सिलिकॉनचाच हवा, तोही ओतण्याआधी मिसळा.