एकतर्फी म्हणून बाद कशी?

आंदोलनावरची डॉक्युमेंटरी एकतर्फी असते, तिला रिसर्च म्हणू नका असं कुणीतरी लिहिलंय, पण सरकारी पंचनामा तरी कुठे तटस्थ असतो राव? आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरूंची नर्मदा बचाव आंदोलनावरची डॉक्युमेंटरी 'अ नर्मदा डायरी' (१९९५) बघा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते मणिबेली, आणि तिकडे पिढ्यानपिढ्या वनजमीन कसणाऱ्या कित्येकांचं सातबाऱ्यावर नावच नव्हतं, म्हणजे कागदावर माणूसच नाही, पण कॅमेऱ्यासमोर तो स्वतःच्या शेतात उभा राहून बोलला तर तो पुरावाच ना. फक्त एडिट केलेल्या तासाभरावर थांबू नये, मिळालं तर न वापरलेलं फुटेज तारीख-गावासकट बघावं, खरा माल बहुतेकदा तिथेच असतो.