विषय: पट्टाभिषेकाला इंग्रजीत काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका वीरशैव मठाच्या पट्टाभिषेकाबद्दल, म्हणजे नव्या मठाधिपतींना गादीवर बसवण्याच्या सोहळ्याबद्दल, स्मरणिकेत अर्धं पान इंग्रजी मजकूर द्यायचा आहे, इथं परदेशात वाढलेल्या मुलांसाठी. मसुद्यात तीन ठिकाणी तीन शब्द पडलेत: ऑर्डेन्ड, अनॉइंटेड, कॉरोनेशन. शुक्रवारी पानं छपाईला जातात. कोणता ठेवू?

– स्मरणिका समिती

---

ताई,

तिन्ही काढा.

ऑर्डेन्ड म्हणजे माणूस पहिल्यांदा दीक्षेत आला. बौद्ध उपसंपदेला तो शब्द नेमका बसतो: 20 वर्षं पूर्ण झालेला श्रामणेर (शिकाऊ भिक्खू) संघासमोर भिक्खू होतो. मठाधिपतींचा अय्याचार (वीरशैवांतला दीक्षेचा संस्कार), दीक्षा हे सगळं आधीच झालेलं असतं. पट्टाभिषेकाला मिळते ती गादी. ऑर्डेन्ड लिहिलंत तर महाराज कालपर्यंत संसारी होते, असाच समज होईल.

अनॉइंटेड अभिषेकाला जवळचा वाटतो, पण ते तेल लावणं झालं. शिवाय बातम्यांत 'अनॉइंटेड सक्सेसर' म्हणजे नाव ठरलेला, पण अजून पदावर न आलेला. आपल्याला नेमकं उलट सांगायचंय. कॉरोनेशनला मुकुट लागतो, तो राजाला राहू द्या.

इन्स्टॉल्ड लिहा. स्टॉल म्हणजे चर्चमधलं ठरलेलं आसन, आणि इन्स्टॉल म्हणजे त्यावर नेऊन बसवणं. आपण 'गादीवर बसवलं' म्हणतो तेच. खुलताबादच्या दर्ग्यांतला सज्जादानशीन, म्हणजे दर्ग्याचा गादीवारस, हाही सज्जाद्यावर, म्हणजे नमाजाच्या आसनावर बसलेला. कर्ता मात्र सांभाळा. मराठीत महाराज गादीवर 'बसले' चालतं; इंग्रजीत 'वॉज' गाळलंत तर महाराजांनीच दुसऱ्या कुणाला बसवलं असं होईल. आणि 'बाय' लावून बसवणाऱ्या जगद्गुरूंचं किंवा शिवाचार्यांचं नाव द्याच. मान्यता तिथून येते.

– मूळ गाव उदगीर

---

नमस्कार,

इन्स्टॉल्ड बरोबर आहे, पण निमंत्रणपत्रिका एकदा नीट पाहा. त्याच सोहळ्यात मूर्तिप्रतिष्ठापना असली तर दोन्हीला इन्स्टॉलेशन पडतं आणि वाचणारा गोंधळतो. मूर्तीसाठी कॉन्सिक्रेशन वापरा.

इन्व्हेस्टिचर हा शब्दही हाताशी असू द्या. त्याचं मूळ वस्त्र नेसवण्यात आहे. महंताच्या अंगावर चादर घालतात, शिखांत दस्तारबंदी, म्हणजे पगडी बांधणं, होते, तिथं विधीचा गाभाच वस्त्र असतो, म्हणून तो शोभतो. पण नांदेडला 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिलं, त्याला इन्व्हेस्टिचर म्हणू नये. तिथं 'कन्फर्ड', म्हणजे बहाल केलं, लिहावं.

आणखी एक. वारस अल्पवयीन असेल तर तारखा दोन येतात. सयाजीराव गायकवाड 1875 ला गादीवर आले, पूर्ण अधिकार 1881 ला मिळाले. पहिल्याला अॅक्सेशन; दुसऱ्याला, म्हणजे अधिकार सोपवण्याला, इन्व्हेस्टिचर. लहानपणी गादीवर बसवलेल्या मठाधिपतींबद्दल लिहिताना हा फरक धरला नाही, तर वर्षं जुळत नाहीत आणि मग कुणीतरी 'दुरुस्ती' करून खरी तारीखच खोडून टाकतं.

– मूळ गाव नांदेड

---

मंडळी,

सोहळ्याच्या मजकुरात 'अपॉइंटेड ट्रस्टी' घुसू देऊ नका. ते धर्मादाय कार्यालयाचं काम. 1950 च्या विश्वस्त कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, द्यावा लागतो, आणि तिथला शब्द 'सक्सेशन'. गादीची तारीख आणि विश्वस्तपदाची तारीख वेगळी असू शकते.

– मूळ गाव अंबाजोगाई

---

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय: 'महाराज वॉज इन्स्टॉल्ड ऑन द गादी ऑफ द मठ बाय...' आणि पुढे जगद्गुरूंचं नाव. 'सीट' टाकलं नाही, कारण ते निवडणुकीतलं वाटतं. गादी आणि मठ दोन्ही तिरप्या अक्षरांत ठेवते. पत्रिकेत कलशारोहणही आहे. त्याचं वाक्य वेगळं काढलंय, उद्या सकाळी पाठवते.

– स्मरणिका समिती