‘ओव्हरहेड’ला ‘वरखर्च’ म्हणावं का?

देणगीदाराला पाठवायच्या प्रस्तावाचं मराठी करते आहे. अंदाजपत्रकात ‘ओव्हरहेड’ आलं की अडते. आमच्या जुन्या फायलींत सगळीकडे ‘वरखर्च’ लिहिलंय आणि तो शब्द मला खटकतो. घरात वरखर्च म्हणजे किराणा, दूध, फी भागल्यावर लागणारे किरकोळ पैसे. ओढाताण झाली की पहिली कात्री त्यालाच. संस्थेत या नावाखाली येतात हिशेबनिसाचा पगार, कचेरीचं भाडं, वीजबिल, ऑडिटची फी. यातलं किरकोळ काय आहे?

आम्ही ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. एका वर्षी देणगीदाराकडून शेरा आला, ‘वरखर्च वगळून पुन्हा पाठवा.’ वगळला. हिशेबनीस ताई सोडून गेल्या. तांदूळ-तेलाची बिलं बिस्किटांच्या डब्यात साठत राहिली, अहवाल दोन महिने उशिरा गेला आणि त्या उशिरापायी पुढचा हप्ता अडला. तोवर मुलांचं जेवण वाण्याच्या उधारीवर चाललं. म्हणून विचारते, दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद

ट्रस्टचे हिशेब लिहिणाऱ्यांना ‘आस्थापना खर्च’ परिचयाचा आहे. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या नियमांतला अनुसूची ९ चा तक्ता काढून पाहा. त्यात आस्थापना खर्च एका ओळीत आणि ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ वेगळ्या ओळीत दाखवावा लागतो. म्हणजे फाळणी तिथपासूनच आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकाचा पगार उद्दिष्टांवर टाकायचा की आस्थापनेवर, यावर मी ऑडिटरशी तास तास बोललो आहे. शिवाय महापालिकेच्या बातम्यांत ‘आस्थापना खर्च’ म्हणजे मुख्यतः कर्मचाऱ्यांचे पगार आणि पेन्शन. वाचणाऱ्याच्या मनात तोच अर्थ येणार.

प्रतिसाद

कायद्याविषयी लिहीत असाल तर ‘प्रशासकीय खर्च’च ठेवा, तिथे बदल करू नका. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्यात भाडं, वीज, हिशेब ठेवण्याचा खर्च हे सगळं मोजतात. सीएसआरमधली, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातली, ५ टक्क्यांची मर्यादा मात्र कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. २०२१ च्या दुरुस्तीत व्याख्या तशीच स्पष्ट आहे. तरी कितीतरी कंपन्या ती संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावतात. दोन्हीकडे शब्द एकच, ‘प्रशासकीय’, म्हणून हा घोळ होतो. प्रस्तावात कुणाचा प्रशासकीय खर्च ते लिहाच.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. ‘कुणाचा’ हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

देणाऱ्यांची भाषाही बदलते आहे, ते इथे सांगायला हवं. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प अनुदानातला ओव्हरहेडचा वाटा १० वरून २० टक्के केला. २०१६ पासून ‘बिल्ड’ नावाखाली १०० कोटी डॉलर बाजूला काढले. पाच-पाच वर्षांची अनुदानं, बराचसा पैसा संस्थेने स्वतः ठरवून वापरायचा. आपल्याकडे एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये इतर देणगीदारांना सोबत घेऊन ‘ग्रो फंड’ काढला, तळागाळातल्या १०० संस्थांचा कारभार भक्कम व्हावा म्हणून. अशा पैशाला ‘अनिर्बंधित निधी’ म्हणतात. मला ‘खुला निधी’ जास्त आवडतो, गावातल्या विश्वस्तांना एका दमात कळतो. फक्त ‘बिनशर्त’ म्हणू नये. हिशेब तर द्यायचाच असतो.

ओव्हरहेडसाठी मी ‘संस्थाखर्च’ वापरणार आहे आणि त्याच्या जोडीला ‘उपक्रमखर्च’. दोन्ही शब्द एका मापाचे आहेत, एक मुख्य आणि दुसरा वरचा असं वाटत नाही. ‘वरखर्च’मधला ‘वर’ मला तेवढ्यासाठीच नको होता. ‘अप्रत्यक्ष खर्च’ही पाहिला, पण हिशेबनीस ताई रोज दहा वाजता समोर येऊन बसायच्या, त्यांना अप्रत्यक्ष कसं म्हणू?

नव्या प्रस्तावात संस्थाखर्चाखाली पहिली ओळ त्यांच्या जागेवर येणाऱ्या माणसाची आहे, बारा महिन्यांच्या पगाराची. वसतिगृह सहा महिनेच चालतं, पण हिशेब वर्षभर लिहावा लागतो, ते कंसात लिहिलं आहे. ‘संस्थाखर्च’ कुणी आधी वापरला असेल तर कुठल्या अर्थाने, ते जरूर सांगा.