मदत हवी आहे: माउथ ऑर्गनवर 'हॅपी बर्थडे', तिसराच सूर सापडत नाही

वेलदोडा:

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. आमच्याकडे केक कापायची वेळ आली की आधी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग जो तो आपापल्या पट्टीत सुटतो. या वेळी 'मी वाजवते, तुम्ही म्हणा' असं सगळ्यांसमोर बोलून बसले आहे.

लेकाला घेतलेला माउथ ऑर्गन कपाटात पडून होता, तोच काढलाय. दहा भोकांचा आहे, वर 'सी' कोरलंय. शाळेत असताना पेटी शिकले होते, त्यामुळे साध्या गाण्याचे स्वर काढता येतात. पहिली ओळ प प ध प सा नि, इथपर्यंत शंका नाही.

घोडं अडलंय ते पुढे. ४ नंबरच्या भोकात फुंकलं की सा मिळतो. त्याच्या खालचा प ३ मध्ये फुंकून मिळाला. प प झकास येतात, पण ध कुठेच नाही! ३ ओढला (म्हणजे श्वास आत घेतला) तर एकदम नि. २ ओढला तर परत प. म्हणजे एकच प दोन ठिकाणी आणि ध एकाही ठिकाणी नाही, हा काय प्रकार आहे? पीस खराब आहे का? दुसरा घ्यावा का? दुकानदार म्हणतो बटणवाला क्रोमॅटिक (कोमल-तीव्र धरून सगळे सूर असलेला) घ्या, पण त्याची किंमत ऐकून मी फोनच ठेवला.

आणखी एक. एका वेळी दोन-दोन सूर वाजतात. भोकं फारच चिकटून आहेत. आणि घरी बाबांचा जुना, दुमजली, २४ भोकांचाही आहे. तो सोपा पडेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खारेदाणे:

पंचाहत्तरीला हॅपी बर्थडे कसलं वाजवताय! 'है अपना दिल तो आवारा' वाजवा. १९५८ चा 'सोलवां साल', संगीत सचिनदांचं आणि माउथ ऑर्गन खुद्द पंचमने (आर. डी. बर्मन) वाजवलेला. पुढे १९६४ च्या 'दोस्ती'तही लक्ष्मी-प्यारेंसाठी त्यानेच वाजवला. काकू खूश होतील. (तांत्रिक मदत शून्य, क्षमस्व.)

पांढरी_पाच:

वेलदोडा ताई, पीस अगदी ठणठणीत आहे. नवा काहीही घेऊ नका, क्रोमॅटिक तर मुळीच नको.

दहा भोकांच्या माउथ ऑर्गनमध्ये खालच्या सप्तकात म आणि ध नसतातच. ही रचना मुळात साथीला कॉर्ड (एकदम वाजणारे जुळते सूर) मिळावी म्हणून केलेली आहे. १, २, ३ एकदम फुंकून बघा, सा ग प असा भरीव आवाज येईल. १ ते ४ एकदम ओढा, रे प नि रे येतील. ही सोय करण्यासाठी प दोनदा ठेवला आणि म-ध ची जागा गेली. मुरलेले वादक ३ ओढताना जीभ आणि घसा वापरून सूर खाली वाकवतात आणि तिथून ध काढतात. त्याला बेंडिंग म्हणतात. ते महिन्याभरात सुरात बसेल याची खात्री नाही, म्हणून त्या वाटेला जाऊच नका.

पूर्ण सप्तक फक्त मधे, ४ ते ७ मध्ये आहे. तेव्हा गाणं ३ वरून न उचलता ६ वरून उचला. ६ फुंकला की मधला प. त्याच्यापुढे या गाण्याला लागणारे सगळे सूर हजर आहेत. खाली नुसता आकडा म्हणजे फुंकायचं, आकड्याआधी उणे चिन्ह असेल तर ओढायचं:

६ ६ -६ ६ ७ -७
६ ६ -६ ६ -८ ७
६ ६ ९ ८ ७ -७ -६
-९ -९ ८ ७ -८ ७

पेटी शिकलेल्या माणसाला एकच गोष्ट छळते, ती आधीच सांगतो. १ ते ६ मध्ये ओढलेला सूर फुंकलेल्या सुराच्या वरचा असतो. ७ पासून हे उलटं होतं, ओढलेला खालचा आणि फुंकलेला वरचा. म्हणून सा रे ग म प ध पर्यंत आधी फुंक, मग ओढ असं चालतं आणि नि-सा ला आधी -७, मग ७. गाण्याच्या आधी हे सरळ सप्तक वर-खाली घोटा, बाकी आपोआप येतं.

दोन सूर एकदम वाजतात कारण सुरुवातीला सगळेच माउथ ऑर्गन ओठांच्या टोकाशी धरतात. तो आत घ्या, ओठांच्या आतल्या ओलसर भागापर्यंत, आणि शीळ घालताना करतो तसा चंबू करा. आधी दोन्ही तर्जन्यांनी ५ आणि ७ झाकून फक्त ६ वाजवा. एकटा सूर कसा ऐकू येतो ते कानात बसलं की बोटं काढा आणि तोच आवाज ओठांनी आणा.

मावळतीकडे:

+१. बाबांच्या माउथ ऑर्गनबद्दल: तो ट्रेमोलो. वर-खाली असलेल्या दोन भोकांत एकच सूर असतो, पण आतल्या दोन पत्त्या (आवाज देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरतो. ऐकायला फार गोड. पण त्यात एका भोकात एक तर फुंक असते किंवा ओढ, दोन्ही नाही. त्यामुळे पांढरी_पाच यांनी दिलेले आकडे तिथे लावलेत तर भलतंच काही वाजेल. नेटवर मिळणारे टॅबही (असे आकड्यांत लिहिलेले सूर) बहुतेक दहा भोकांचेच असतात. शिवाय जुन्यात आतली पट्टी लाकडी असेल तर ती ओलीने फुगते आणि ओठांना लागते. तो पुसून शोकेसमध्ये ठेवा.

वेलदोडा:

पांढरी_पाच, काय सांगू! ध सापडला!! पहिल्या दोन ओळी आज लेकाने न विचारता ओळखल्या, म्हणजे पास.

तिसऱ्या ओळीत मात्र दोन अडचणी. ६ वरून ९ वर उडी मारताना कधी ८ लागतो, कधी १०. आणि चौथ्या ओळीपर्यंत छाती हवेने इतकी भरते की -९ दुसऱ्यांदा ओढताच येत नाही.

खारेदाणे, आधी ही पंचाहत्तरी सुरात पार पडू दे, आवाराचं शंभरीला बघू.

पांढरी_पाच:

छाती भरते यात नवल नाही. तिसऱ्या ओळीचे पहिले पाचही सूर फुंकायचे आहेत, आणि 'आई' हा शब्द येतो तो पूर्ण ओढायचा, -७ -६. त्याला लागून -९ -९. म्हणजे सलग चार वेळा ओढ. लोक तसेही नावावर रेंगाळतात, तेवढ्यात नाकाने हवा सोडून द्या. माउथ ऑर्गन तोंडातून काढू नका, नाहीतर जागा हरवेल. आणि फुंकतानाही जोर नको, नुसता गरम श्वास सोडल्यासारखं करा. हळू आवाजात वाजवलंत तर हवा कमी लागते आणि वरचे सूर कर्कश होत नाहीत. ९ चा प तसा टोचराच असतो.

उडीसाठी डोकं हलवू नका, हात सरकवा. ६-९, ६-९ एवढंच वेगळं काढून घोटा. मधली ७ आणि ८ सुद्धा हलकेच फुंकत गेलात तरी चालतं, सा आणि ग च आहेत ते, घसरले तरी बेसूर वाटणार नाही. पहिल्या वेळी मी तर मुद्दाम तसंच वाजवेन.

मावळतीकडे:

वाजवायच्या आधी चूळ भरा. केक-फरसाण खाऊन वाजवलंत तर कण पत्तीत अडकतात आणि नेमका तोच सूर मुका होतो. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा, थुंकी निघून जाते. नळाखाली धरू नका.

आणि एक: पहिली ओळ एकटीने वाजवून थांबा. लोकांना पट्टी कळू द्या, मग परत पहिल्यापासून सुरू करून सगळ्यांना घ्या. नाहीतर ते पेटीच्या पांढरी चारमध्ये आणि तुम्ही पांढरी एकमध्ये (तुमचा 'सी' म्हणजे तीच).

वेलदोडा:

हे फार कामाचं. आमचा दादा कुठल्याच पांढरीत नसतो, त्याला मोबाईलवर शूटिंगला बसवते.